पणजोबांचा शोध कोतवाल बुकात

जळगाव - जातवैधतेसाठी, वारसनोंदीसाठी किंवा निव्वळ कुतूहलापोटी पूर्वजांचा माग काढायला निघालेला माणूस बहुधा पहिल्याच पायरीवर अडतो. गावाचे नाव ठाऊक असते. ते गाव त्या काळी कोणत्या तालुक्यात व जिल्ह्यात होते, हे ठाऊक नसते.

१९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता व त्याचे मुख्यालय धुळे होते. त्या वर्षी पूर्व खानदेश (जळगाव) आणि पश्चिम खानदेश (धुळे) असे दोन भाग झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तालुक्यांचीही तीच कथा. १८८० च्या सुमारास खानदेशच्या तालुक्यांत नशिराबाद, सावदा, विरदेल, पिंपळनेर ही नावे होती. जळगाव तेव्हा नशिराबाद तालुक्यात मोडत असे. जुन्या कागदाच्या शिरोभागी ही नावे दिसली, की तो कागद परक्या गावचा समजून बाजूला सारू नये.

सर्वांत उपयोगी दप्तर म्हणजे कोतवाल बुक, अर्थात जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ ची नोंदवही. ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहावी. मात्र जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव अनेकदा नसतेच. बापाचे नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. त्यामुळे आजोबांच्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शोध पणजोबांच्या नावाने घ्यावा लागतो. जोडीला शाळेचे जनरल रजिस्टर आणि जमिनीचे फेरफार तपासावेत. जुनी पाने मोडीत असल्याने जाणकार वाचक गाठणे भाग पडते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर मोडी वाचकांची निकड जाणवली होती.

या कागदांचे मोल भावनिक नाही. जातवैधतेसाठी प्रवर्गानुसार १९५०, १९६१ किंवा १९६७ च्या मानीव तारखेपूर्वीचा पुरावा लागतो. एका ओळीवाचून मुलाचा प्रवेश अडतो.

स्त्रियांचा माग काढणे त्याहून अवघड. ना शाळेत नाव, ना सातबाऱ्यावर. बहिणाबाई चौधरींचेच पाहा. असोद्याच्या महाजनांच्या घरी त्या नागपंचमीला जन्मल्या असे सांगतात आणि तारीख छापली जाते २४ ऑगस्ट १८८०. परंतु त्या वर्षीची श्रावणी पौर्णिमा २० ऑगस्टच्या सुमारास होती. म्हणजे नागपंचमी १० ऑगस्टच्या आगेमागे येते. तिथी खरी मानली तर तारीख चुकते, तारीख खरी मानली तर तिथी. इतक्या ख्यातनाम कवयित्रीबाबत असा गोंधळ, तर आपल्या पणजीबद्दल घरात सांगितली जाणारी तारीख जुन्या पंचांगाशी ताडून पाहिलेली बरी.

सरकारी दप्तर मुके राहिले, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उरतात. यात्रेला वा श्राद्धाला आलेल्यांची नावे, नातेवाईकांसह, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेली असतात. तेथे विचारणा होते ती मूळ गाव आणि आडनावाची. स्थलांतरित कुटुंबाने राहते गाव न सांगता आधीचे गाव सांगावे.