पट्टा हाती आला, जमीन टिकेल काय?

आदिवासींची जमीन केवळ बळजबरीनेच जाते, असा एक समज आहे. धरणे व खाणी यांच्यासाठी होणारे विस्थापन डोळ्यांत भरते, म्हणून तो दृढ झाला असावा. वस्तुतः पुष्कळशी जमीन गेली ती कागदावर अंगठा उमटवून, रीतसर व्यवहाराने. पावसाळ्यातील पोटापाण्यासाठी काढलेले कर्ज, त्यावर चढणारे व्याज आणि अखेरीस खरेदीखत, अशी ही वाट आहे.

या वाटेने काय घडते, हे अमेरिकेच्या इतिहासात पाहावे. १८८७ च्या डॉज कायद्याने तेथील मूलनिवासींच्या सामुदायिक जमिनींचे तुकडे पाडून ते व्यक्तींच्या नावे लावले. उरलेली जमीन अतिरिक्त ठरवून गोऱ्या वसाहतकऱ्यांना खुली केली. त्यांना स्वावलंबी शेतकरी बनवावयाचे, असे सांगितले गेले. १९३४ साली हे धोरण थांबले तेव्हा सुमारे १३ कोटी ८० लाख एकरांपैकी जेमतेम ४ कोटी ८० लाख एकर त्यांच्याकडे उरली होती.

महाराष्ट्राने हा धोका ओळखला, हे मान्य केले पाहिजे. ६ जुलै १९७४ पासून आदिवासींची जमीन शासकीय परवानगीवाचून बिगर-आदिवासींकडे जाण्यास बंदी आली. पूर्वी गेलेल्या जमिनी परत देण्याचाही कायदा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळणारा पट्टा वारसांकडे जातो, परंतु विकता येत नाही.

यावर अर्थशास्त्राचा आक्षेप ठरलेला आहे: जी जमीन विकता येत नाही, तिच्या तारणावर बँक कर्ज देत नाही. आक्षेपात तथ्य आहे. विक्रीस बंदी केल्याने पैशाची नड संपत नाही. ती सावकाराच्या ओसरीवर जाऊन उभी राहते. मात्र बंदी उठविणे हा त्यावरचा उपाय नव्हे. नड भागविणारे दुसरे उत्पन्न निर्माण करणे, हाच खरा उपाय होय.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने तो करून दाखविला. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली. पुढे २०१३ मध्ये याच गावाने खासगी शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला. ज्या गावाला जंगलातून मजुरी आणि सामाईक निधी मिळाला, त्याला जमीन विकण्याच्या मोकळीकीपेक्षा ती टिकविण्याची हमी मोलाची वाटली.

वैयक्तिक पट्ट्यांचे वाटप समारंभपूर्वक होते. छायाचित्रेही छापून येतात. पट्टे आवश्यकच आहेत, पण एकट्या कुटुंबाच्या हातातील कागद दुष्काळाच्या एका वर्षातही दुबळा ठरू शकतो. सामूहिक वनहक्क आणि वनोपजाच्या विक्रीवर ग्रामसभेचा ताबा यांची जोड त्याला मिळाली नाही, तर कायद्याने राखलेली जमीन कर्जाच्या वाटेने पुन्हा निसटेल.