आंबटपणाची राखण

पहाटे साडेपाच

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठी उजाडायला अजून दोन-अडीच तास आहेत, पण वाइन करणाऱ्या बाई तळघराच्या दाराशी येऊन थांबल्या आहेत. पंखा लावल्याशिवाय आणि भिंतीवरच्या मापकाचा आकडा पाहिल्याशिवाय कोणी खाली उतरायचं नाही, हा या घरातला पहिला नियम. आंबणाऱ्या रसातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तो तळाशी साचून राहतो, त्याला वास नाही की रंग नाही. बाईंचे वडील, ज्यांना मी आजोबा म्हणतो, तरुणपणी मेणबत्ती धरून उतरायचे. ज्योत विझली की उलट्या पावली वर. मापक बसवून वर्षं झाली, तरी आजोबांनी पायरीवरची मेणबत्ती हलवू दिलेली नाही.

मी निफाडकडचा, घरची द्राक्षबाग आहे. याच दिवसांत आमच्याकडे गोडी छाटणीची धांदल असते. ती भाऊ बघतो आणि मी हंगामापुरता इथे येतो. बर्नकास्टेल आणि ट्राबेन-ट्रारबाख यांच्या मधलं हे गाव, साधारण ५० उत्तर अक्षांशावरचं. आमच्याकडे तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे दोन्ही हंगाम करता येतात.

खाली ओकच्या लाकडाची पिंपं ओळीने मांडलेली आहेत. प्रत्येक हजार लिटरचं. मोझेलवर या मापाला फूडर म्हणतात. प्रत्येकाच्या तोंडाशी पाणी भरलेली काचेची नळी, आणि तिच्यातून गॅस बुडबुडत बाहेर पडतो. बाई विकतचं यीस्ट घालत नाहीत. बागेतून आणि तळघरातून जे येईल त्यावरच रस आंबतो. म्हणून प्रत्येक पिंपाची चाल निराळी. एक भरभर सुटतं, दुसरं डिसेंबरपर्यंत रेंगाळतं. बाई काचनळीने थोडं थोडं काढून चाखतात, तोंडात घोळवून थुंकतात आणि पिंपावर टांगलेल्या पाटीवर खडूने लिहितात. कॉफी यानंतर. जीभ कोरी असताना जे कळतं ते नंतर कळत नाही, असं त्या म्हणतात. न्याहारीआधी त्या माझ्याशीही फारसं बोलत नाहीत.

आज चार नंबरच्या पिंपापाशी त्या दोनदा परत आल्या. पाटीवर आकडा लिहिला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

सकाळी साडेआठ

दव ओसरल्यावर आम्ही डोंगरावर. नदीवरचं धुकं अजून खाली पसरलेलं असतं आणि वरच्या वेली उन्हात न्हालेल्या असतात. चढ असा की एका ओळीत उभं राहिलं की वरच्या ओळीतल्या वेलीचं खोड नाकासमोर येतं. याच नदीवर ब्रेमजवळ कालमोंट नावाची बाग आहे, युरोपातली सगळ्यात उभ्या चढाची म्हणून ओळखली जाणारी. आमची बाग तितकी उभी नाही, पण ट्रॅक्टर इथेही चालत नाही. माल आणायला एकाच रुळावर चढणारी छोटी गाडी आहे. बाकी सगळं पायांनी.

पायाखाली पाटीचा दगड, म्हणजे स्लेट. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी बसलेल्या गाळाचा. त्याच्या चिपा सरकत राहतात, बुटात जातात. पण दिवसभराची ऊब तो धरून ठेवतो आणि पाणी साचू देत नाही. इतक्या उत्तरेला रिस्लिंग ही द्राक्षाची जात पिकते ती या दगडामुळे, दक्षिणेकडे तोंड केलेल्या चढामुळे आणि खालच्या नदीमुळे. आणखी एक उपकार: इथे फिलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीला नीट बस्तान बसवता येत नाही. त्यामुळे शंभरी ओलांडलेल्या, स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या वेली अजून आहेत. आमच्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम केल्याशिवाय कोणी बाग लावायचा विचारही करत नाही. मला त्या म्हाताऱ्या खोडांना हात लावून बघायची सवय लागली आहे.

प्रत्येक वेलीला स्वतःचा एक खांब. दोन काड्या वाकवून खाली बांधायच्या, की बदामाचा आकार होतो. तारा नाहीत, म्हणून चढावर आडवं फिरता येतं.

तोडणाऱ्या मंडळींत बहुतेक पोलंडहून वर्षानुवर्षं येणारे. प्रत्येकाकडे दोन बादल्या. निरोगी घड एकीत. बोट्रायटिस धरलेले, जांभळट-तपकिरी होऊन सुकत चाललेले मणी दुसरीत. ही राखाडी बुरशी आमच्या बागेत आली तर आम्ही कपाळाला हात लावू. इथे मात्र कोरड्या हवेत, पिकलेल्या मण्यांवर आली तर ती मण्यातलं पाणी उडवते आणि रस घट्ट करते. त्यातून मधासारख्या गोड वाइन होतात. पण हीच बुरशी कच्च्या मालावर किंवा पावसात आली की नुसती नासाडी. तिच्या मागोमाग आंबूस कूज येते, तिला व्हिनेगरचा वास मारतो.

बाई ओळीच्या मागून चालतात. त्यांनी एक घड उचलला. बाहेरून पिवळसर, अर्धपारदर्शक, आत बिया तपकिरी दिसाव्यात इतका पिकलेला. त्यांनी अंगठ्यांनी तो मधोमध उकलला आणि नाकाशी नेला. देठालगत तीन मणी फुटलेले होते, त्यांच्यावर चिलटं बसली होती. कात्रीच्या टोकाने ते तिन्ही काढले, शेजारचे दोन निरोगी मणीही काढले, कारण त्यांना रस लागला होता. मग घड पुन्हा हुंगला आणि बादलीत टाकला. पुढचा घड तसाच उकलला आणि सगळाच्या सगळा खाली टाकला. त्या ओळीत पायाखाली जेवढं पडलं होतं, ते पाहून आमच्याकडचा कुठलाही बागायतदार कळवळला असता.

“पाडलं ते गेलं,” मी म्हणालो.

“पिंपात गेलं असतं तर हजार लिटर गेलं असतं,” बाई म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

अकरा वाजता

आजोबा वर आले. ऐंशीच्या पुढचे आहेत, काठी टेकत येतात, पण येतात. त्यांनी रिफ्रॅक्टोमीटरवर एक मणी पिळला, उजेडाकडे धरून आकडा वाचला आणि खूश झाले: ९२.

हा आकडा ओक्स्लेचा. १९व्या शतकात फोर्झहाइमच्या क्रिस्टियान फर्डिनांड ओक्स्ले या कारागिराने रूढ केलेलं माप. लिटरभर रस लिटरभर पाण्यापेक्षा किती ग्रॅमने जड, एवढंच ते सांगतं, पण त्यावरून साखर कळते. आपल्या ब्रिक्सच्या हिशेबाने २० ब्रिक्स म्हणजे साधारण ८३ ओक्स्ले. १९७१च्या जर्मन वाइन कायद्याने याच आकड्यावर वाइनची प्रतवारी बांधली: काबिनेट, मग श्पेटलेझे, आउसलेझे आणि पुढच्या पायऱ्या. रसात साखर जितकी जास्त, तितकी पायरी वरची. आजोबा या कायद्याबरोबरच मोठे झालेले शेतकरी. त्यांच्या तरुणपणी दहा वर्षांत दोन-तीनदाच माल नीट पिकायचा, तेव्हा साखर म्हणजेच गुणवत्ता असं वाटणं साहजिक होतं.

आता ऊब वाढली आहे, साखर दरवर्षी येते. अवघड झाला आहे तो आंबटपणा. रिस्लिंगचा सगळा जीव तिच्या आम्लात, आणि ते उन्हाने उतरतं. २०१९च्या हंगामात तर जर्मनीच्या १३ही वाइन प्रदेशांत आइसवाइन झाली नाही. तिच्यासाठी वेलीवरच घड गोठावे लागतात, उणे ७ अंशांखाली, आणि त्या हिवाळ्यात पारा तिथवर उतरलाच नाही. दुसरीकडे ऊब लवकर आली की कोंबही लवकर फुटतात. मग एप्रिल २०२४मध्ये पडलं तसं कडाक्याचं हिव पडलं, की रात्रीत मळेच्या मळे करपतात. निफाडला पारा घसरला की आम्हीही बागेत शेकोट्या पेटवतो, त्यामुळे ती रात्र कशी गेली असेल हे मला कोणी सांगायला नको.

म्हणून बाईंच्या मते आज सगळ्यात कठीण वाइन म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीची, काबिनेट. हलकी, आठ-नऊ टक्के अल्कोहोलची, किंचित गोड आणि धारदार आंबट. कायद्याने तिला किमान साखर ठरवली आहे, कमाल नाही. ९२चा माल काबिनेट म्हणून बाटलीत भरला तरी कोणी अडवत नाही, आणि भरणारे पुष्कळ आहेत. बाई भरत नाहीत. तो त्यांच्याकडे श्पेटलेझेत जातो. काबिनेटसाठी त्यांनी बाजूच्या ओढ्याच्या खोऱ्यातली, डोंगराच्या वरच्या अंगाची गार जमीन घेतली आहे. तिथे ऊन उशिरा येतं. एके काळी ती जमीन कोणी फुकटही घेतली नसती. घडांवरची पानंही त्या आता कमी काढतात. सावली राहू देतात.

“बापाने उन्हाच्या मागे धावण्यात आयुष्य घालवलं, पोरगी सावली विकत घेते,” असं आजोबाच सांगतात, आणि त्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे मला अजून उमगलेलं नाही. मला विचाराल तर बाईंचं बरोबर आहे. कायद्याच्या पायऱ्या त्या वेळच्या हवामानाच्या होत्या.

दुपारी साडेबारा

बटाट्याचं सूप, पाव, ओळीतच बसून. समोरच्या उतारावर दोन पट्टे काट्याकुट्यांनी भरले आहेत. म्हातारे थकले, मुलं शहरात गेली. १९९०च्या सुमारास मोझेलवर १२ हजार हेक्टरांहून जास्त बागा होत्या, आता ९ हजारांच्या आत आहेत, आणि आधी सुटतात त्या उभ्या चढाच्याच. पडीक वेलींवर भुरी आणि डावणी हे रोग माजतात आणि तिथून शेजाऱ्याकडे येतात.

दुपारी दोन

माल खाली येतो तो प्रेसच्या दाराशी. देठ न काढता अख्खे घड आत जातात. हवेची पिशवी फुगते, दाबते, सैल होते, पुन्हा दाबते. तीन-चार तासांचं काम, घाई चालत नाही. बाई पेला घेऊन नळाखाली उभ्या. पहिला रस गढूळ हिरवा, सफरचंदासारखा वास. जसजसा दाब वाढतो तसा सालींचा तुरटपणा उतरू लागतो. एका क्षणी त्या हात वर करतात, मी नळी काढून दुसऱ्या टाकीत घालतो. पुढचा रस वेगळा राहील, स्वस्त वाइनमध्ये जाईल. यंत्रावर दाबाचा काटा आहे, पण त्याच्याकडे बघून नळी बदललेली मी पाहिली नाही.

मग आम्ल मोजायचं, सामू मोजायचा, रस रात्रभर निवळायला ठेवायचा. फेब्रुवारीत आमच्याकडे वाइनचा माल पहाटेच तोडून आटपतात, ऊन चढायच्या आत. इथे दुपारी दोनला हवा १२ अंशांवर आहे. हा फरक पैशाने भरून काढायचा म्हटलं तर विजेचं बिल किती येतं, ते नाशिकच्या वाइनरीवाल्यांना विचारा.

चारच्या सुमारास

कागदपत्रं. तळघराची वही रोज भरावी लागते. शिवाय दर्जेदार म्हणून विकायच्या प्रत्येक वाइनची प्रयोगशाळेत तपासणी होते आणि सरकारी मंडळी ती चाखून बघतात. मग जो परीक्षा क्रमांक मिळतो, तो बाटलीवर छापायचा. बाई हे काम दात-ओठ खात करतात.

संध्याकाळी सव्वापाच

उजेड आहे तोवर ओढ्याकाठच्या बागेत फेरी. शंभरेक मणी वेगवेगळ्या वेलींवरून, उन्हाकडचे आणि सावलीकडचेही, नाहीतर आकडा फसवतो. पिशवीतच कुस्करले: ७९. बाईंनी एक मणी चावला, साल बराच वेळ चघळली, बी दाताखाली फोडली.

“उद्या की परवा?” मी विचारलं.

“पाऊस कधी आहे त्यावर.”

रात्री आठ

जेवणं उरकून पुन्हा तळघर, पुन्हा चार नंबर. यात सप्टेंबरअखेर तोडलेला काबिनेटचा माल आहे. यीस्टला मोकळं सोडलं तर ते सगळी साखर खाऊन टाकेल, आणि उरेल फक्त आंबट. लवकर थांबवलं तर सरबत. मधे कुठेतरी गोड आणि आंबट एकमेकांना तोलून धरतात, आणि ती वेळ पाकाला तार येण्यासारखी असते, आली की भांडं उतरवावंच लागतं.

तिघांनी चाखलं. आजोबा म्हणाले, अजून दोन दिवस. मला गोड वाटलं, पण माझी जीभ थॉमसनच्या गोड द्राक्षांवर वाढलेली, तिचं कोण ऐकणार? बाईंनी पेला हातात धरून कोमट केला, पुन्हा चाखला, मग वर जाऊन पावाचा तुकडा खाऊन आल्या आणि तिसऱ्यांदा चाखला. लिटरमागे चाळिसेक ग्रॅम साखर उरली आहे, आम्ल साडेआठच्या वर. एकदा गेलेली साखर परत येत नाही. न आंबलेला रस मागाहून मिसळून गोडी आणायची कायद्याने मुभा आहे, बाई ती घेत नाहीत.

“आजच,” त्या म्हणाल्या.

आजोबांनी खांदे उडवले आणि नळी धरायला पुढे झाले. पंप लावला, पिंपातली वाइन गाळ मागे ठेवून स्टीलच्या टाकीत घेतली. टाकीच्या दुहेरी भिंतीतून थंड द्रव फिरवला, की यीस्ट सुस्तावतं. मग मोजून गंधक. पाटीवरचं प्रश्नचिन्ह पुसून बाईंनी तारीख लिहिली.

रात्री साडेदहा

उरलं ते धुणं. प्रेस, नळ्या, बादल्या, फरशी. वाइन करणाऱ्यांच्या दिवसाचा निम्मा वेळ पाण्याच्या पाइपामागे जातो, हे बाटलीवरच्या चित्रात कुणी दाखवत नाही. प्रेसच्या जाळीत अडकलेली एकेक साल ब्रशने काढावी लागते, कारण उद्या सकाळी तिलाच वास येतो.

बाई फोनवर हवामान बघतात. परवा दुपारपासून पाऊस, रात्री थांबेल असं दिसत नाही. म्हणजे ओढ्याकाठचा माल उद्याच. त्या पोलंडच्या मुकादमाला निरोप पाठवतात: उद्या आजची बाग नाही, ओढ्याकडे या, साडेआठऐवजी साडेनऊला, तिथलं दव उशिरा सुकतं. आणि बादल्या तीन आणा, दोन पुरणार नाहीत.