लोणावळ्याची तळी, मावळ्यांची जमीन

पर्यटकांची आवडती लोणावळा आणि वळवण ही तळी मुळात टाटांच्या वीजप्रकल्पाची. घाटमाथ्याचे पाणी खोपोलीला उतरवून १९१५पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. शेजारच्या मुळशीत मात्र टाटांच्याच धरणाविरुद्ध मावळे शेतकरी अडून बसले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. पुण्याच्या सावकार-जमीनदारांनी मोबदला स्वीकारला, कसणारे एकाकी पडले. धरण झालेच. हा उघड अन्याय होता. कॅनडाच्या उत्तरेतील क्री आदिवासींनी जेम्स बे जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध कोर्ट गाठून १९७५मध्ये करार तरी मिळवला. मुळशीकरांपुढे १८९४च्या भूसंपादन कायद्याची सक्तीच होती. मावळातला पाण्या-जमिनीचा संघर्ष तिथेच थांबला नाही: ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीला विरोध करताना बऊरजवळ पोलीस गोळीबारात तीन मावळवासीयांचा जीव गेला.