घरकाम करणाऱ्या भगिनी आणि विम्याची निवड

तुर्भे, दिघा येथील वस्त्यांतून सकाळी निघालेल्या स्त्रिया वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या इमारतींत पोहोचतात आणि दुपारपर्यंत चार-पाच घरांची धुणीभांडी, केर-फरशी, खिडक्यांच्या काचा असे काम उरकतात. 1970 साली सिडकोची स्थापना होऊन खाडीपलीकडे जे नगर वसले, त्याचा दैनंदिन व्यवहार बऱ्याच अंशी त्यांच्या श्रमावर चालतो. परंतु यांचा मालक कोण, या प्रश्नास सरळ उत्तर नाही. कारखान्यातील कामगारास राज्य विमा योजनेचे जे छत्र लाभते, ते घरोघरी काम करणाऱ्या स्त्रीस लाभत नाही. एखाद्या लहान व्यावसायिकाप्रमाणे आपल्या जोखमीची तरतूद तिला स्वतःच करावी लागते.

प्रथम विचार अपघाताचा. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता 1 जून 2022 पासून 20 रुपये आहे. 18 ते 70 वर्षे वयाच्या कोणाही बँक खातेदारास तीत सहभागी होता येते. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 2 लाख रुपये, तर एक हात, एक पाय अथवा एक डोळा कायमचा निकामी झाल्यास 1 लाख रुपये मिळतात. एवढ्या अल्प हप्त्यात एवढे संरक्षण अन्यत्र मिळणे कठीण, म्हणून ही योजना प्रत्येकीने घ्यावी.

मात्र तिची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे, आणि नेमकी हीच गोष्ट सांगावयाची राहून जाते. स्टुलावर चढून पंखा पुसताना तोल गेला आणि मनगट मोडले, तर हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहतो. हाड पुढे जुळून येते. म्हणजे अपंगत्व कायमचे नव्हे, आणि या योजनेतून एक रुपयाही मिळत नाही. दरम्यान घरे सुटतात, जागी दुसरी बाई लागते. या व्यवसायातील खरे संकट बहुधा असेच असते. त्यावर उपाय म्हणजे वैयक्तिक अपघात विमा. सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 2021 पासून ‘सरल सुरक्षा विमा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी उपलब्ध आहे. तीत तात्पुरत्या अपंगत्वाचा ऐच्छिक भाग जोडून घेतल्यास काम बंद असलेल्या काळात आठवड्याच्या हिशेबाने रक्कम मिळू शकते. हा भाग वेगळा मागावा लागतो; अर्ज भरून देणाऱ्याने तो आवर्जून विचारावा.

आजारपणासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. अंगीकृत रुग्णालयांत, यादीतील उपचारांपुरता तिचा लाभ मिळतो. घरात कमावती एकटीच असेल, तर वर्षाला 436 रुपये हप्त्याची जीवन ज्योती विमा योजनाही घ्यावी. तीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसास 2 लाख रुपये मिळतात. प्रवेश 18 ते 50 वर्षे वयापर्यंत असून, पहिल्या 30 दिवसांत अपघाती मृत्यूचाच दावा मान्य होतो.

पाश्चात्त्य देशांत सफाईचा व्यवसाय करणारे लोक ग्राहकाच्या वस्तूंच्या नुकसानीचाही विमा उतरवितात. आपल्याकडे एकट्यादुकट्या मोलकरणीस असा विमा घेण्याची प्रथा नाही; काचेचे भांडे फुटले की पगारातून कापून घेतले जाते. घरमालकांसाठी असलेल्या घरगुती विम्यात मात्र घरकामगाराच्या अपघाताच्या भरपाईचा भाग घेता येतो. सोसायट्यांनी आपल्या सभासदांना याची माहिती देणे अगत्याचे आहे.

पुण्यातील मोलकरणींनी 1980 साली संप केला; त्यानंतरच्या दीर्घ प्रयत्नांनी महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम 2008 साली झाला. 18 ते 60 वर्षे वयाच्या कामगारांची नोंदणी मंडळाकडे होते. मंडळाचे साहाय्य हा विमा नव्हे. तरी नोंदणीमुळे ती कामगार असल्याचा पुरावा हाती येतो, व तोही मोलाचा.

यातील अनेकींचे बँक खाते अद्याप गावीच असते. सुरक्षा विम्याचा हप्ता मेअखेरीस खात्यातून वळता होतो. त्या दिवसांत शिल्लक नसेल तर 1 जूनपासूनचे संरक्षण खंडित होते, आणि शहरात काम करणाऱ्या स्त्रीस त्याचा पत्ताही लागत नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात अशा खात्यांची शिल्लक आणि वारसाच्या नावाची नोंद पाहून घेण्यास कुटुंबीयांना सांगावे. दोन बँकांतून दोनदा हप्ता गेला असला, तरी दावा एकच मिळतो.