पहाटेची बाटली

पहाटे 4. ब्रह्माघाटावरच्या घरातून निघताना आई हातात तांब्या देते. "पुण्याची काकू उद्या निघतेय. तिच्या गडूत भरायला गंगा आण रे."

4.40. अस्सीच्या वरच्या अंगाला, नगव्याच्या नाल्याजवळ. उजाडण्याआधी पहिला नमुना घ्यायचा, हा माझा हट्ट. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. त्यामुळे पहाटे नदीचा श्वास सर्वांत कोंडलेला असतो. 300 मिलीची बाटली बुडबुडा शिरू न देता भरतो. मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड. साका तपकिरी बसला की जीव भांड्यात पडतो. पांढराच राहिला तर पाण्यात प्राणवायू नाही.

"पानी हरियर हौ, भइया," नाववाले काका म्हणतात.

2021 च्या मेमध्येही आम्ही दोघं याच नावेत होतो. घाटाघाटाला हिरवी साय धरली होती. जिल्हा प्रशासनाच्या समितीने मिर्झापूरकडच्या विंध्याचलच्या सांडपाणी प्रकल्पाकडे बोट दाखवलं. मला ते अर्धंच उत्तर वाटतं. शेवाळ वरून वाहत आलं असेल, पण त्याला नायट्रोजन-फॉस्फरसचं खत गावोगावचं सांडपाणी घालतं. आणि वर कालव्यांना पाणी देऊन उरलेली ज्येष्ठातली गंगा धरणासारखी संथ होते. सोलापूरच्या मावशीला हे समजावावं लागत नाही. उन्हाळ्यात हिरवी पडलेली उजनी तिने पाहिली आहे.

8.30. प्रयोगशाळा. स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थेंबथेंब थायोसल्फेट. स्नानाच्या पाण्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा. पाण्यातले जंतू किती प्राणवायू खातात ते कळायला बीओडीच्या बाटल्या 27 अंशांवर 3 दिवस ठेवल्या.

दुपारी 1.30. तीच जागा. 30 अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो; उन्हातल्या हिरव्या पाण्यात आकडा त्याच्याही वर जातो. फक्त या वेळी मोजणारा माणूस नदी ठणठणीत आहे असं लिहून मोकळा होईल. वेळ न लिहिलेला आकडा मी नोंदवहीत घेत नाही, मग तो कुणाचाही असो.

संध्याकाळी 7. दशाश्वमेधावरून आरतीच्या घंटा ऐकू येतात. मधल्या धारेतून भरलेला तांब्या आईपुढे ठेवला आणि आकडे सांगितले. पहाटेचेच.

तिने पाणी गाळून गडूत भरलं, तोंड लाखेने बंद केलं. मग आत काकूला म्हणाली, "देवापुढे ठेवा हो जाऊबाई. तीर्थ म्हणून पोरांच्या हातावर घालू नका."