खांद्यातली गाठ आणि अंगभर दुखणे



१६ लिटरचा फवारणी पंप भरला, की पाठीवर १६ किलोहून जास्त ओझे येते. दिवसभर ते वागवले, की खांदा भरून येतो. वाकून खुरपणी केली, की पाठीत कळ निघते. दोन-चार दिवसांच्या विसाव्याने हे बहुधा जाते. पण काहींचे जात नाही. ते का, हे समजून घेऊ.

एकच स्नायू सारखा ताणला गेला, की त्याचे काही धागे आखडतात. चाचपल्यावर सुतळीसारखा ताठ पट्टा हाताला लागतो व त्यात दुखरी गाठ सापडते. ती दाबली, की कळ भलतीकडेच जाते. पाणी एकाच्या बांधाला फुटावे आणि ओल दुसऱ्याच्या वावरात दिसावी, तसेच हे. खांद्याच्या माथ्यावरच्या गाठीने कानशील ठणकते. कुल्ल्यातल्या गाठीने पायात कळ उतरते. अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल व डॉ. डेव्हिड सायमन्स यांनी या गाठींवर १९८३ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

काहींचे मात्र तीन महिन्यांहून अधिक काळ सर्वांग दुखते. झोपून उठले तरी थकवा जात नाही. या विकाराला फायब्रोमायल्जिया म्हणतात. राखणीचे कुत्रे एकदा बिथरले, की पान हलले तरी भुंकते. तसे मेंदू व मज्जारज्जू थोड्याशा दाबालाही दुखणे समजू लागतात. गाठींच्या सततच्या कळांनी हे वाढते, असे काही तज्ज्ञांचे मत आहे. पण गाठ हेच मूळ कारण, असे सिद्ध झालेले नाही. रक्ततपासणीत या विकाराची खूण दिसत नाही, म्हणून घरचे ‘ढोंग’ म्हणतात. ते ढोंग नव्हे. बायकांत हा त्रास जास्त आढळतो.

काय करावे?

१. मधूनमधून पंप उतरवा, काम बदला, अंग सरळ करा.

२. गाठीवर गरम फडक्याने शेक द्या. सोसेल इतकेच दाबा.

३. सर्वांग दुखत असेल तर रोज थोडे चाला, हळूहळू वाढवा. झोपेची वेळ पाळा.

४. दुखण्याची गोळी मनानेच रोज खाऊ नका. जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडाला इजा होते.

५. ताप, वजन घटणे, हातापायांत बधिरपणा किंवा कमजोरी असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बैलाचा खांदा सुजला, की आपण त्याला औताला जुंपत नाही. तीच माया स्वतःच्या आणि घरच्या लक्ष्मीच्या खांद्यालाही दाखवा.