सिम कोणाचं?

दुपारी जेवून जरा आडवं व्हावं आणि फोन वाजावा. पलीकडून गोड आवाज, "सर, दोन मिनिटं बोलू का?" आपण खेकसतो. मीही खेकसलेलो आहे. पण माझी भाची लातूरला हेच काम करू लागली, तेव्हापासून जीभ जरा आवरून धरतो.

असे फोन नकोत, हे नोंदवण्याची सोय आपल्याकडे २००७ साली झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, नियम केले. १९०९ हा क्रमांक त्यासाठीच. त्याआधी अमेरिकेत २००३ मध्ये अशी यादी आली, तेव्हा लाखो नोकऱ्या जातील अशी ओरड तिथल्या फोनवाल्यांनी केली होती. आपल्याकडे २०११ पासून नियम कडक झाले. नोंदणी केलेल्यांना १४० ने सुरू होणारे क्रमांक मिळाले. रात्री नऊ ते सकाळी नऊ फोन बंद. ग्राहकाने आकडा पाहून ओळखावं, हा हेतू. ग्राहकाने ओळखलं, आणि उचलणंच सोडलं! मग नियमाने चालणाऱ्याचा धंदा बसला आणि साध्या दहा आकडी मोबाइलवरून चोरून फोन करणाऱ्याचं फावलं. माझ्या मते काम संपलं नाही, ते कॉल सेंटरमधून गल्लीतल्या खोलीत आलं.

लातूरचंच बघा. दहावीचा निकाल लागला की उदगीर, अहमदपूर, कंधार, देगलूरच्या पालकांचे फोन खणखणू लागतात. कोणता क्लास लावणार? नियमांत ‘शिक्षण’ हा वेगळा वर्ग आहे. बँका-घरांसारखे हेही फोन बंद करता येतात. भाचीला एका क्लासने नंबरांची यादी दिली आणि सांगितलं, स्वतःच्या मोबाइलवरून लाव. मराठी, हिंदी आणि आमची दखनी, समोरचा जसा बोलेल तसं ती बोलायची. तेवढंच तिचं भांडवल.

तक्रारी झाल्या आणि तिचा नंबर बंद पडला. "मामू, शिव्यांचं काही वाटत नाही," ती म्हणाली, "पण बँकेत न् परीक्षेच्या फॉर्मवर तोच नंबर होता." दुसऱ्या दिवशी यादी दुसऱ्या मुलीच्या हातात.

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ट्राय’ने विनानोंदणी फोन करणाऱ्यांची सगळी कनेक्शनं तोडा, दोन वर्षांपर्यंत नवी देऊ नका, असा आदेश काढला. काही आठवड्यांत पावणेतीन लाखांहून जास्त क्रमांक तुटले. काळ्या यादीत गेलेल्या संस्था पन्नासच्या आसपास. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर तर दहा दिवसांत पाच तक्रारी कारवाईला पुरतात. आपली सुटका व्हायला हवी, यात वाद नाही. पण २०१८ च्या नियमांनुसार ज्याच्या मालाची जाहिरात, त्यानेही नोंदणी करायची असते. तक्रार मात्र आकड्यावर होते, आणि आकडा पोरीचा असतो.

भाची परवा नव्या जागी मुलाखतीला गेली होती. पगाराआधी तिने विचारलं, "सिम कोणाचं?" नंतर कळवतो म्हणाले.